दोन नंबरची मेमरी

भर वर्गात, एकशे वीस पोरांसमोर, मृत्युंजय स्वामी सरांचा इलेक्ट्रॉन अडकला.

चांगला निघाला होता. पडद्यावरचा तो निळा ठिपका ठुमकत ठुमकत पी-एन जंक्शनच्या मध्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. सरांनी बटण दाबलं. परत दाबलं. पाचव्यांदा दाबलं तेव्हा पडदा पांढुरका झाला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, इलेक्ट्रॉन दमला जणू."

अख्खा वर्ग हसला. सरांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत वर्ग हसला होता तो सर स्वतः विनोद सांगायचे तेव्हा, आणि तोही फारसा नाही.

सर मे महिन्यात ज्युनिअर कॉलेजातून रिटायर झाले होते. साल दोन हजार तेरा. लातुरात तेव्हा दर चार घरांमागे एक क्लास होता आणि उरलेल्या तीन घरांत त्या क्लासची पोरं भाड्यानं राहायची. औसा रोडवरच्या अशाच एका मोठ्या अकॅडमीनं सरांना डेमो लेक्चरला बोलावलं होतं. अकॅडमीचे संचालक वरद सर म्हणजे तीस वर्षांचा तरुण माणूस. जूनच्या उकाड्यातही अंगात कोट. त्यांनी सरांना केबिनमध्ये बसवून अदबीनं सांगितलं, "सर, शिकवणं तुमचं एक नंबर आहे. पण लॅपटॉप बदला. येत्या रविवारी परत एक डेमो घेऊ."

"लॅपटॉप बदलणार नाही," सर म्हणाले. "त्याची मेमरी वाढवीन."

मेमरी कमी पडते आहे असं त्या अडकलेल्या पडद्यावर नुकतंच लिहून आलं होतं, तेवढ्यावर सर बोलून गेले. मेमरी ही वस्तू दिसते कशी, हे त्यांना माहीत नव्हतं. सेमीकंडक्टरचा धडा त्यांनी एकतीस वर्षं शिकवला होता, पण फळ्यावर. ब्रह्मचारी भटजीनं हजार लग्नं लावावीत तसा तो अनुभव होता.

घरी अंजूताईंनी ऐकून घेतलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि कुठलीही गोष्ट दुसरीच्या वर्गाला समजेल इतकी सोपी करायची त्यांना सवय होती.

"नवीन घ्या," त्या म्हणाल्या.

"चार वर्षांचा तर आहे. विसरायला लागला म्हणून काय टाकून द्यायचा? माणूस विसराळू झाला म्हणून कुणी नवा नवरा करतं का?"

"सोय नाही म्हणून," अंजूताई म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

खरं म्हणजे सरांच्या घरात काही टाकून द्यायची पद्धतच नव्हती. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं लोखंडी कपाट पालथं पडलं होतं. ते अजून वापरात होतं. दार उघडायला एक लाथ लागायची, एवढंच. त्या वर्षी ज्याला त्याला सगळे सांगत होते, की आता हे सोडा, नवं बघा. सरांनी तेव्हापासून या सल्ल्याशी वैर धरलं होतं.

सोमवारी सकाळी ते गंजगोलाईजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. सेमीकंडक्टरच्या माणसानं काउंटरवरच्या माणसाला प्रश्न विचारणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी काही न विचारता फर्मावलं, "मेमरी द्या. चार जीबी."

"डीडीआर?"

सरांना वाटलं, हा तेलाच्या डब्यावर असतो तसला काहीतरी शिक्का असावा. "हो, असलेलीच द्या."

"थ्री ना?"

"थ्रीच."

"डेस्कटॉपची?"

सरांचा लॅपटॉप टेबल सोडून कुठं जात नसे. "हो, टेबलावरच असतो," ते म्हणाले.

दुकानदारानं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं, मग खोका दिला.

दुपारी अंजूताईंच्या शिलाई मशिनचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सर ओसरीत बसले. लॅपटॉप पालथा केला, झाकण काढलं. आत एक आखूडशी हिरवी पट्टी बसलेली होती आणि तिच्याशेजारी तसलीच एक जागा रिकामी होती. सरांनी खोक्यातली पट्टी काढून धरून पाहिली. ती त्या जागेच्या जवळजवळ दुप्पट होती.

एवढ्यात शेजारचे बापूसाहेब भिंतीवरून डोकावले. बापूसाहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले होते आणि जगातली प्रत्येक अडचण त्यांना पाण्याची वाटायची.

"काय मोठं झालं का?"

"थोडंसं."

"म्हणजे कालवा लहान आणि गेट मोठं. कानस मारा."

"बापूसाहेब, हिच्यात सोन्याचे बारीक संपर्कबिंदू असतात. कानस मारून कसं चालेल?"

"मग सोनाराकडून मारून घ्या," बापूसाहेब म्हणाले. त्यांचा सल्ला कधी पहिल्याच पायरीवर संपत नसे.

सर परत दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, खोका फोडलेला आहे, माल परत होत नाही. सर म्हणाले, न फोडता लांबी कशी कळणार? दुकानदार म्हणाला, खोक्यावर लिहिलेलं असतं. ते खरोखरच लिहिलेलं होतं. सरांनी मग आवाज चढवून आपण किती वर्षं नोकरी केली ते सांगितलं, त्याचा विषयाशी काही संबंध नव्हता, पण गिऱ्हाईकं गोळा व्हायला लागली म्हणून दुकानदारानं ती पट्टी घेऊन आखूड पट्टी दिली.

ही बरोबर लांबीची होती. सर विजयी मुद्रेनं ओसरीत बसले. बापूसाहेब या खेपेला भिंत ओलांडून, चहाचा कप घेऊनच आले. पट्टी जागेवर टेकवली, आणि बसेना. पट्टीच्या कडेला एक खाच होती आणि जागेत एक दाता होता, आणि दोघांची गाठ पडत नव्हती. अगदी ज्वारीच्या दाण्याएवढा फरक.

"दाबा," बापूसाहेब म्हणाले. "आम्ही गेटं अशीच बसवायचो. चौघंजण मिळून."

पदार्थविज्ञानाच्या माणसानं हे ऐकायला नको होतं. पण पदार्थविज्ञानाच्या माणसाचा त्या दिवशी दोनदा अपमान झाला होता. सरांनी दाबलं. कट् असा आवाज आला.

बापूसाहेबांनी चहाचा घोट घेतला.

"आवाज आला म्हणजे बसलं," बापूसाहेब म्हणाले.

बसलं नव्हतं. सरांचं कोपर शेजारी उपडं ठेवलेल्या झाकणावर टेकलं होतं आणि झाकणाचा कोपरा मोडला होता. तेवढ्यात अंजूताई शाळेतून आल्या. त्यांनी पर्स ठेवली, चष्मा लावला, लॅपटॉपमधली जुनी पट्टी सरांना काढायला लावली आणि दोन्ही पट्ट्या उजेडात धरल्या.

"हिच्यावर डीडीआर दोन लिहिलंय. तुम्ही आणलेलीवर डीडीआर तीन. खाच तेवढ्यासाठीच सरकवलेली असंल, म्हणजे कुणी चुकीची घालू नये." मग पट्ट्या खाली ठेवून त्या म्हणाल्या, "माझ्या दुसरीच्या पोरांना दिसलं असतं हे."

एकतीस वर्षं सर प्रयोगशाळेत एकच मंत्र म्हणत आले होते: उपकरणाला हात लावण्याआधी त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

पण माघार घेतली नाही. मंगळवारी पहिलं दुकान टाळून ते दुसऱ्या दुकानात गेले आणि आता सगळं कळलेल्या माणसाच्या थाटात म्हणाले, "दोन नंबरची मेमरी आहे का?"

दुकानदाराच्या कपाळावर भस्माचे पट्टे होते. तो उठून उभा राहिला. "साहेब, तीन पिढ्यांचं दुकान हाय आमचं. दोन नंबरचा माल आम्ही ठेवत न्हाई."

गैरसमज मिटायला वेळ लागला. मिटल्यावर दुकानदार हळहळला, चहा सांगितला आणि म्हणाला, तसली मेमरी आता येतच नाही, सर, जमाना गेला तिचा. नवा लॅपटॉप घ्या. तिसऱ्या दुकानात हेच. चौथ्यातही हेच. बापूसाहेब म्हणाले की आता शांत बसा. त्यामुळं सर बुधवारी सकाळच्या एस.टी.नं नांदेडला निघाले.

मोडकं झाकण रबरबँडनं बांधून, लॅपटॉप शालीत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतला होता. अहमदपूरला शेजारी येऊन बसलेल्या बाईनं शालीकडं पाहून आवाज बारीक केला आणि विचारलं, "किती महिन्याचं हाय?" सर म्हणाले, "चार वर्षांचं." बाई लोह्यापर्यंत परत बोलली नाही.

नांदेडला त्या कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र होतं. एसी, काचेचं दार, टोकन. सरांचा नंबर दीड तासानं लागला. खिडकीतल्या मुलीनं फॉर्म पुढं सरकवला. सरांनी सगळे रकाने भरले. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तक्रार नाही. मेमरी हवी.'

"सर, तक्रार नसली तर सिस्टिम पुढं जात नाही."

"पण माझी तक्रार नाहीच."

"काहीतरी लिहा ना. पडदा फुटलाय, पाणी गेलंय..."

"म्हणजे खोटं लिहू?"

मुलगी आत जाऊन आली. मूळ बिल लागेल, ओळखपत्राची झेरॉक्स लागेल, आणि झाकण मोडलंय म्हणजे लॅपटॉप बाहेर उघडलेला आहे, त्यामुळं वॉरंटी रद्द झाली. सर म्हणाले, वॉरंटी तर तीन वर्षांपूर्वीच संपली. मुलगी म्हणाली, तरी रद्द करावी लागते. तिनं तसा शिक्का मारला. मग शेवटी म्हणाली की या मॉडेलचे पार्ट कंपनीनं बंद केलेत. आमच्याकडं नवीन मॉडेल बघता का?

सर उठले. एका संपलेल्या गोष्टीची अधिकृतपणे रद्द केलेली प्रत खिशात घालून ते बाहेर आले. पायरीवर सिगारेट ओढत उभ्या असलेल्या तिथल्याच एका माणसाला त्यांची दया आली असावी. तो हळूच म्हणाला, "काका, वजिराबादेत जा. श्रीमंतचं दुकान विचारा. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांचे मेलेले लॅपटॉप त्याच्याकडंच येतात. त्याच्याकडं नसलं तर कुठंच नाही."

दुकान म्हणजे एक बोळच होता. दोन्ही बाजूंना छतापर्यंत उघडे लॅपटॉप, मध्ये एक टेबल, टेबलामागं चाळिशीकडं झुकलेला, जाड भिंगांचा माणूस. त्यानं मान वर केली आणि उभा राहिला.

"स्वामी सर."

सरांनी निरखून पाहिलं. हजारो चेहरे डोळ्यांखालून गेलेल्या माणसाला एक चेहरा आठवायचा नसतो, तरी तो आठवतोच.

"उमरीचा श्रीमंत जाधव. चौऱ्याण्णव साल," तो माणूस म्हणाला. "तुमी मला प्रॅक्टिकलमधनं भाईर काढलं होतं."

भूकंपानंतर कॉलेजची प्रयोगशाळा वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये होती. तिथं या पोरानं कॉलेजचं गॅल्व्हानोमीटर उघडलं, चार स्क्रू काढून आतली तार हातात धरलेली असताना तो सापडला. सरांनी त्याची जर्नल फेकली होती आणि सगळ्या बॅचसमोर म्हटलं होतं, की याला वस्तू मोडायच्या तेवढ्या कळतात. पोरगा बारावीला बसलाच नाही, असं नंतर कानावर आलं होतं.

"ते गॅल्व्हानोमीटर..." सर म्हणाले.

"सुई अडकून राहिली होती, सर. शेडमधी आणताना आदळलं होतं. मी मोकळी केलती. बंद करून ठेवायचंच होतं, तेवढ्यात तुमी आलात."

ते गॅल्व्हानोमीटर सरांनी पुढं एकोणीस वर्षं वापरलं होतं. दर वर्षी नव्या बॅचला ते दाखवून सांगायचे, बघा, याची सुई किती मोकळी फिरते, जुनी उपकरणं जपावीत ती अशी. ती मोकळी कशी झाली हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आणि कधीतरी पडला असेल, तर त्यांनी तो बाजूला सारला होता.

"बसा," श्रीमंत म्हणाला. "काय झालं लॅपटॉपला?"

"मेमरी हवी. डीडीआर दोन. चार-चारच्या दोन पट्ट्या द्या, म्हणजे एकदाच काय ते."

"ह्या बोर्डाला किती चालती?"

"म्हणजे?"

"एका जागी जास्तीत जास्त किती घेतो हा बोर्ड?"

सरांनी लॅपटॉपची शाल सारखी केली.

"आत विंडोज बत्तीस बिटाचं हाय का चौसष्ट?"

सर गप्प. बोळात पंखा कुरकुरत होता. तोंडी परीक्षेत पोरं अशी गप्प उभी राहायची तेव्हा सर घड्याळाकडं पाहायचे. श्रीमंतनं घड्याळाकडं पाहिलं नाही.

"मला माहीत नाही," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी विद्यार्थ्यापुढं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि छत काही कोसळलं नाही.

"मग बघू," श्रीमंत म्हणाला. त्यानं लॅपटॉप चालू करून दोन-चार ठिकाणी पाहिलं, बोर्डाचा नंबर कागदावर लिहिला, शोधला. "बोर्ड एका जागी दोनच जीबी घेतो, सर. चारची पट्टी घातली तर चालूच होणार न्हाई. दोन अधिक दोन, बास. त्यातले पण ह्या बत्तीस बिटाला तीन अन् वर थोडंसंच दिसतील."

"चार घालून तीन? मग वरचे कुठं गेले?"

"जागेवरच हायेत. पण बत्तीस बिटाकडं घरनंबर मोजकेच. त्यातले काही पडदा-बिडदा ह्यांनी आधीच अडवलेले. घर हाय पण नंबर न्हाई, तर पोस्टमन जाणार कुठं?"

सरांनी आयुष्यात बरीच पुस्तकं वाचली होती. इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

श्रीमंतनं बिस्किटाचा एक चौकोनी डबा उघडला. आत दोन नंबरच्या पट्ट्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. त्यानं एकाच वेगाच्या, एकाच कंपनीच्या दोन निवडल्या. सरांनी हात पुढं केला तेव्हा त्या दिल्या नाहीत, स्क्रू-ड्रायव्हर दिला.

"तुमीच बसवा. आधी बॅटरी काढा. हात लोखंडाला लावा. आता तिरकी धरा. आसं न्हाई, आणखी. खाच बघा. आत सरकवा. मग खाली."

टिक् असा आवाज आला. दोन्ही बाजूंचे चिमटे आपोआप बसले. जोर काहीच लागला नव्हता. सरांनी दुसरीही बसवली आणि लॅपटॉप सुरू केला. चहा येईपर्यंत तो पूर्ण सुरू झाला होता, आणि चहावाला दारातच होता.

निघताना सर पायरीवर थबकले. "श्रीमंत, त्या दिवशी मी तुला विचारायला पाहिजे होतं."

"हाव, पाहिजे होतं," श्रीमंत म्हणाला. सांत्वन वगैरे काही केलं नाही. सरांना ते बरं वाटलं.

रविवारी सर अकॅडमीत पोचले ते छाती काढूनच. इलेक्ट्रॉन घरी बारा वेळा जंक्शन ओलांडून गेला होता, बापूसाहेबांनी तो टाळ्या वाजवत पाहिला होता. सरांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि प्रोजेक्टरची वायर हातात घेतली.

वायर बसेना. अकॅडमीनं शुक्रवारीच नवा प्रोजेक्टर लावला होता. त्याच्या वायरीचं तोंड चपटं आणि बारीक, सरांच्या लॅपटॉपचं भोक रुंद आणि पंधरा छिद्रांचं.

"म्हणून म्हणत होतो सर," वरद सर दारातून म्हणाले, "नवीन घ्या."

पोरं वाट पाहत होती. मागच्या बाकावर कुजबूज सुरू झालीच होती. सरांनी वायर खाली ठेवली. मग शर्टाच्या खिशातून शिलाई मशिनचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, लॅपटॉप पालथा केला आणि म्हणाले, "पुढं या सगळे. बाकांवर चढलात तरी चालेल."

एकशे वीस पोरं टेबलाभोवती गोळा झाली. सरांनी झाकण काढलं. पट्ट्या काढून हातोहात फिरवल्या, खाचा मोजायला लावल्या. परत न केलेली ती तीन नंबरची पट्टीही त्यांनी आणली होती. ती का बसत नाही हे पोरांनी स्वतःच शोधून काढलं. त्यांना दोन मिनिटं लागली. इवल्याशा काळ्या चिपमध्ये किती जंक्शनं मावतात यावर सर बोलले, त्यांच्या स्वतःच्या धड्याला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला होता. मग उमरी तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, बत्तीस बिटातले मोजके नंबर पडद्याला किती जातात?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "विचारून सांगतो."

तास संपला तरी पोरं हलेनात. केबिनमध्ये वरद सर खुशीत होते, पण पूर्ण नव्हते. "सर, पोरांना आवडलं. सोमवारपासून या. फक्त दोन गोष्टी. हे परीक्षेत विचारत नाहीत, तेव्हा उघडून दाखवणं बंद. आणि 'माहीत नाही' असं वर्गात म्हणायचं नाही. पालक फी कशाची भरतात?"

सरांनी लॅपटॉप शालीत गुंडाळला. "उघडू नको, असं मी एका पोराला सांगून बसलो आहे," ते म्हणाले. "तेवढं एकदा पुरे झालं. येतो."

घरी अंजूताईंनी विचारलं, काय झालं. सरांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता दिवसभर घरी बसणार?"

"नाही. उद्या नांदेडला जाणार."

"आता काय बिघडलं?"

"काही नाही. शिकायला जातो."

अंजूताईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि डबा घासायला काढला.

पुढच्या गुरुवारी दुपारी वरद सरांचा फोन आला. वजिराबादेतल्या त्या बोळात सर स्टुलावर बसले होते, नायगावच्या कुणाचा तरी लॅपटॉप पुढ्यात पालथा, तोंडात दोन स्क्रू. टेबलापलीकडून श्रीमंत जाड भिंगांतून त्यांच्या हाताकडं पाहत होता.

"सर, पोरं रोज विचारून राहिलीत," वरद सर म्हणाले. "ती मुलगी तर पाठच सोडत नाही. रविवारी या. उघडून दाखवा, काय म्हणायचं ते म्हणा, आमची हरकत नाही."

सरांनी तोंडातले स्क्रू तळहातावर घेतले, श्रीमंतकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"रजा मागून बघतो," ते म्हणाले. "आमचे सर लई कडक आहेत."